सव्वासहाने गुणलेल्या अळ्या

मासे खाणाऱ्यांना मासे काय खातात हा प्रश्न सहसा पडत नाही. मला तो एकोणतीस वर्षं रोज सकाळी पडायचा, कारण त्याचाच मला पगार मिळत होता. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत माशांचं खाद्य बनवणारा एक कारखाना आहे. तिथली प्रयोगशाळा मी सांभाळायचे. आमचे हे पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायचे, "ही माशांची आचारीण." ते खरं नव्हे. आचारीण स्वयंपाक तरी करते. मी फक्त दुसऱ्याने केलेल्या स्वयंपाकावर संशय घेत असे.

स्वभावाला साजेशी नोकरी मिळायला भाग्य लागतं म्हणतात. माझी आई निडीजवळच्या आमच्या गावी सगळ्यांना सांगत फिरायची, "हिला काळजी करायला काही नसलं, तर हिला त्याचीच काळजी लागते." अशा बाईला प्रयोगशाळेत बसवलं हे एका परीने कारखान्याचं शहाणपणच. पोतं शिवून गाडीत चढलं तरी माझा जीव टांगणीला. गाडी पेणला पोचून, दाणा तळ्यात पडून, माशांनी तो खाल्ल्याचा फोन आला की मग मला जेवण जायचं.

आता धंदा काय आहे तो सांगते. तळ्यातल्या रोहू-कटल्याचं एक बरं असतं. ते भाताचा कोंडा, पेंड, मिळेल ते खातात. आमच्याकडचा जिताडा तसा नाही. पेणच्या जावयाला ताटात जिताडा पडला नाही तर सासुरवाडीची अब्रू जाते, आणि त्या जिताड्याला स्वतःच्या ताटात दुसरा मासा लागतो. म्हणून जिताड्याच्या दाण्यात सुकी मासळी दळून केलेली पूड घालावी लागते. ती महाग, कधी मिळते कधी नाही, आणि मुळात मासा वाढवण्यासाठी समुद्रातले चार मासे दळायचे हा उलटाच कारभार. तेव्हा त्या पुडीच्या जागी दुसरं काय घालता येईल, हाच माझ्या शेवटच्या सात-आठ वर्षांचा ध्यास होता. सोयापेंड घालून पाहिली, शेंगदाण्याची पेंड पाहिली, कोंबड्यांच्या कारखान्यातून येणारी पूडही पाहिली.

शेतकऱ्याची परीक्षा माझ्यापेक्षा कडक. तो पोतं उसवून कोपरापर्यंत हात आत घालतो आणि मूठ नाकाशी नेतो. खाडीकाठच्या गावांत ही रीतच आहे. सुकटाचा वास आला तर दाणा चांगला, नाही आला तर पोतं परत. एक गृहस्थ तर दाणा चावून बघायचे आणि "आज मीठ कमी हाय" म्हणून कळवायचे. दोन वेळा त्यांचं खरं निघालं.

सोयापेंडीच्या दिवसांत पेणजवळ शेतघर बांधलेले एक निवृत्त साहेब माझ्याकडे आले होते. हौसेने तळं केलेलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, नुसत्या सोयाबीनवर वाढवलेला जिताडा श्रावणात चालेल का?" मी म्हटलं, "साहेब, मी केमिस्ट आहे, भटजी नाही." ते नाराज होऊन गेले. पुढे त्यांनी काय केलं ते त्यांना आणि श्रावणाला ठाऊक.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट हसण्यासारखी नाही.

त्यासाठी आमची एक चाचणी समजावून घ्यावी लागेल. दाण्यात प्रथिनं किती, हे पाहणारं यंत्र माझ्याकडे नव्हतं. आमची चाचणी प्रथिनं बघतच नाही. पूड आम्लात उकळायची, तिच्यातला नायट्रोजन मोजायचा, आणि आलेल्या आकड्याला सव्वासहाने गुणायचं. झाली प्रथिनं. जगभर असंच करतात आणि बहुतेक वेळा ते बरोबर येतं. पण नायट्रोजन काही प्रथिनांतच असतो असं नाही, तो युरियातही असतो. एका व्यापाऱ्याने सोयापेंडीत युरिया मिसळून पाठवला होता. कागदावर पेंड फर्स्ट क्लास. मला मात्र आकडा जरा जास्तच गोड वाटला. मी ती पेंड कोमट पाण्यात कालवली, युरियाचा अमोनिया करणारी कच्च्या सोयाबीनची चिमूटभर पूड टाकली आणि बाटलीला बूच मारलं. अर्ध्या तासाने बूच काढलं तर अमोनियाने डोळ्यांतून पाणी आलं. गाडी परत गेली. त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. हे मुद्दाम सांगते, कारण जिला हे ठाऊक होतं तिनेच पुढचं केलं.

नंतर अळ्या आल्या. एक काळी माशी असते, चावत नाही, घरात घोंघावत नाही. तिच्या अळ्या भाजीबाजाराच्या कचऱ्यावर वाढवायच्या, वाळवायच्या आणि दळायच्या. कारखान्यातले कामगार तिला नुसती 'अळीची पूड' म्हणत. जिताड्याला ती आवडली. वासही बरा, म्हणजे पोती परत यायची भीती नाही. मी नमुना उकळला, नायट्रोजन मोजला, सव्वासहाने गुणलं. आकडा मासळीच्या पुडीच्या जवळपास आला. मी सही केली. जिताड्याच्या पिल्लांच्या दाण्यातली निम्मी मासळी काढून तिथे अळ्या घालायला सुरुवात झाली.

पहिली पोती ज्यांच्याकडे गेली त्यांत द्वारकाबाई होत्या. पेणच्या खाडीकडच्या एका गावातल्या. नवरा मिठागरावर राबून गेला, मुलगी लग्न होऊन गेली, घरात त्या आणि बिनलग्नाचा दीर महादू, अशी दोघंच. मिठागर बंद पडल्यावर दोघांनी त्याचं तळं केलं आणि तळ्यात जिताडा सोडला. पिल्लं लहान असतात तोवर ती मोकळी सोडत नाहीत. तळ्यातच चार बांबू रोवून जाळ्याची पेटी बांधतात आणि त्यात ठेवतात. पिल्लं मोजून, एकाच मापाची निवडून घ्यायची, कारण जिताडा भावाला ओळखत नाही, तोंडात मावेल त्याला गिळतो. ती निवड महादूने केली होती. राखण त्याची, दाणाही तोच घालायचा.

महिन्याभराने द्वारकाबाईंचा फोन आला. "मॅडम, पोरा कमी होतायत."

"मरतायत?"

"मरतील तर वर येतील ना! मेलेला एक नाय. जाला बगितला, भोक नाय. मंग गेली कुठं?"

मी दुसऱ्याच दिवशी एसटीने गेले. पाणी तपासलं, ठीक होतं. जाळ्याची शिवण बोटांनी चाचपली, शाबूत होती. महादूने मूठभर दाणा टाकला तशी पिल्लं उसळून वर आली. मी ओगराळ्याने आठ-दहा काढून तळहातावर घेतली. सगळी सारखी, चांगली बोटभर झालेली. सारख्या मापाची पिल्लं एकमेकांना गिळणार कशी? जाळं पूर्ण उचलून पाहायला हवं होतं. पण भरती चढत होती, बांधावर चिखल होता, आणि मला साडेचारची गाडी गाठायची होती.

द्वारकाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. महादू कंबरभर पाण्यात उभा होता. मी म्हटलं, "दाण्यात काही दोष नाही. कागद आहे माझ्याकडे. पिल्लं मेलेली नाहीत, म्हणजे ती बाहेर गेलीत."

एवढंच बोलले. 'कोणीतरी नेली' असं मी म्हटलं नाही, ही पळवाट मी पुढे कितीदा स्वतःला सांगितली असेल. पण समोर दोनच माणसं होती आणि राखण त्यांतल्या एकाची होती. द्वारकाबाईंनी मान वळवून दिराकडे पाहिलं. मी ते पाहिलं आणि छत्री उचलून निघाले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी रोहा तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याकडे गेले होते. त्याला पिल्लं दुसऱ्या तळ्यात हलवायची होती, म्हणून त्याने जाळ्याची पेटी पूर्ण उचलली. मी बघतच राहिले. वरच्या थरात बोटभर लांबीची दांडगी पिल्लं, आणि तळाशी पेराएवढी, किरकोळ, अंग चोरून बसलेली. एकाच दिवशी, एकाच मापाची म्हणून सोडलेली! एका दांडग्याच्या तोंडातून शेपूट बाहेर आलेलं होतं.

दाणा टाकल्यावर वर येतात ती दांडगी असतात. मी द्वारकाबाईंच्या बांधावर फक्त तीच पाहिली होती.

पण एकाच मापाची पिल्लं अशी फुटली कशी? दाण्यात कस कमी असला तर असं होतं. चपळ असतं ते जास्त दाणा खाऊन भागवतं, मागे पडलेलं आणखी मागे पडतं, आणि मग मागे पडलेलंच दाणा होऊन बसतं. प्रयोगशाळेत येऊन मी वही काढली. नमुना माझा, आकडा माझा, सही माझी. अळीला कात असते. खेकड्याच्या कवचात असतो तसला चिवट पदार्थ त्या कातीत असतो, आणि त्यातही नायट्रोजन असतो, पण तो माशाच्या अंगी फारसा लागत नाही. म्हणजे अळीला सव्वासहाने गुणायचंच नव्हतं. पावणेपाचच्या आसपास कशाने तरी गुणायला हवं होतं. युरियाचा नायट्रोजन नाकाने हुंगणारी मी, कातीचा नायट्रोजन प्रथिनं म्हणून मोजून बसले होते. सत्तावीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप सव्वासहाकडे गेला होता.

मी तशीच मॅनेजरांकडे गेले. माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट येऊ दे. तोवर कुणाला काही बोलू नका." मी म्हटलं, "तिथे एका माणसावर बालंट आलं असेल." तो म्हणाला, "असेल म्हणजे? आलंय का?" मला ठाऊक नव्हतं. फोन करून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण कळलं असतं तर गप्प बसता आलं नसतं. निवृत्तीला दोन वर्षं होती. नऊ दिवस मी रिपोर्टची वाट पाहिली. त्या नऊ दिवसांत मी काय खाल्लं ते मला आठवत नाही.

रिपोर्ट माझ्या म्हणण्याप्रमाणेच आला. पोती बदलून द्यायची ठरली. मॅनेजर म्हणाला, "सांगायचं ते तोंडी सांगा. कागद देऊ नका." मी पेणची गाडी धरली.

द्वारकाबाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. घरात दुसरं कोणी दिसेना. मी विचारलं, "महादूदादा तळ्यावर आहेत का?"

"गेला तो," त्या म्हणाल्या. "डोलवीकडं, लोखंडाच्या कंपनीत. ठेकेदाराच्या हाताखाली झाडलोट करतो म्हनं."

झालं ते असं. त्यांनी गावकीच्या बैठकीत विषय काढला होता. गावकीने महादूला देवळात नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, "चोरी करनाऱ्यानं शपथ घ्यावी. मी कशाला घेऊ?" त्याने नारळाला हात लावला नाही आणि गावाने त्याचा अर्थ लावला. कोणी तरी म्हणालं होतं की कंपनीच्या मॅडम पण बोलून गेल्या, मासे बाहेर गेलेत म्हणून. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोर एसटीने येऊन साक्ष देऊन गेली होती.

मी सगळं सांगितलं. अळी, कात, गुणाकार. त्यांना किती समजलं कोण जाणे, पण "पिल्लांनीच पिल्लं खाल्ली" एवढं समजलं. सोललेला वाल त्यांच्या हातात तसाच राहिला.

"तुना कवा समाजला गो हा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दहा दिवस झाले."

"तो गेल्याला आठ झाले," त्या म्हणाल्या.

त्या मला एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी आम्ही दोघी रिक्षाने डोलवीला गेलो. शिफ्ट सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभ्या होतो. महादू आला तो डोक्यावर पिवळी टोपी घालून, आणि ती त्याला एक माप मोठी होती. द्वारकाबाई पुढे झाल्याच नाहीत. मी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मना नका सांगू मॅडम. मना ठावं हाय मी नाय नेली. ज्यांना ठावं नाय त्यांना सांगा."

"सांगते," मी म्हटलं.

"तोंडी नको. लिवून. तोंडी बोललेला कालवंडत जातो."

मी तिथेच पानटपरीवरून कोरा कागद घेतला. कंपनीचा शिक्का नव्हता, म्हणून खाली माझं पूर्ण नाव आणि रोह्याचा पत्ता लिहिला. दाण्याचा हिशेब मी चुकवला, पिल्लं पिल्लांनी खाल्ली, महादूचा यात काही दोष नाही, एवढ्या तीन ओळी. पुढल्या रविवारी देवळापुढे गावकी बसली तेव्हा तो कागद मीच वाचला. कोणी तरी मागून विचारलं, "म्हंजे मॅडम, तुमची चुकी?" मी म्हटलं, "माझीच." लोक थोडे चुळबुळले आणि मग पाण्याच्या पाइपलाइनचा विषय निघाला. महादूसाठी एवढाच निवाडा. कारखान्यात मला मेमो मिळाला आणि अळीच्या गुणाकाराचा कागद भिंतीवर लागला. नोकरी गेली नाही. ज्या भीतीने नऊ दिवस गप्प बसले, ती भीतीही खोटीच निघाली.

महादू परत आला. पण त्याने बिऱ्हाड बांधावरच्या खोपटात केलं. दाणा घालतो, जाळं शिवतो, पिल्लं निवडतो. वहिनीशी कामापुरतं बोलतो. फक्त तिच्या हातचं जेवत नाही. ती रोज दुपारी ताट झाकून बांधावर ठेवून जाते आणि संध्याकाळी तसंच उचलून नेते.

निवृत्त झाल्यावरही मी मधूनमधून तिकडे जाते. मला कोणी बोलावत नाही. न खाणाऱ्या जिताड्याला काय काय खायला लावलं मी आयुष्यभर, पण या ताटापुढे माझी विद्या चालली नाही. एकदा महादूला विचारलंच, "मला माफ केलंत, मग वहिनींना का नाही?"

तो जाळ्याची गाठ मारत म्हणाला, "तुमी कागदावर इस्वास ठेवलाव, तुमचा धंदाच तो. वैनीनं मना तीस वर्सा वाढलान, आनि तिनं पन कागदावरच ठेवला. मना घरात विचारला असता, म्हादू तू नेलीस का, तर मी नाय म्हनलो असतो. संपला असता. तिनं गावाला विचारला."

तो उठला, झाकलेलं ताट उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं. "लांबून आलाव. तुमी खा."

मी नको म्हणायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही. तांदळाची भाकरी होती, वालाचं बिरडं होतं, कांद्याची फोड होती. भूक लागली होती आणि अन्न रोज परत जातं हे मला माहीत होतं. मी खाल्लं. तो पाठमोरा बसून जाळं शिवत राहिला.

जाताना ताट विसळून मीच घराकडे नेलं. द्वारकाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातात रिकामं ताट पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मला तिथूनच मागे पळावंसं वाटलं. त्यांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं.

"खाल्लान त्यानं?"

एक 'हो' म्हटलं असतं तर त्या बाईची ती रात्र तरी सुखाची गेली असती. ते 'हो' माझ्या जिभेवर आलंही होतं.

"मी खाल्लं," मी म्हटलं.

त्यांनी पदराने ताटाची कड पुसली आणि विचारलं, "मीठ बराबर व्हता ना गो?"

मी म्हटलं, "बरोबर होतं."